काहीच न करणारा बॅक

"येऊ द्या की. येऊन येऊन कुठं येणार हाय?"

समोरून चेंडू घेऊन एखादा दांडगा फॉरवर्ड सुसाट निघालेला असायचा, आमच्या बाकीच्या खेळाडूंची तारांबळ उडालेली असायची, आणि हा पठ्ठ्या हे म्हणायचा. हॉकी स्टिक जमिनीला टेकवून, वाफ्याच्या कडेला फावड्यावर रेलून उभं राहावं तसा रेललेला. दुसऱ्या हाताच्या मनगटानं नाक पुसायचं, आणि मग सावकाश दोन पावलं बाजूला सरकायचं. पुढं काय व्हायचं ते मला बरीच वर्षं कळलंच नाही. फॉरवर्ड कुठंतरी कोपऱ्यात जाऊन पडायचा, चेंडू बाहेर जायचा, आणि हा पुन्हा नाक पुसायचा.

मी सातपूरच्या एका कारखान्यात पर्सोनेल खात्यात कारकून होतो. नव्वदच्या दशकातली गोष्ट. आमचे जुने वर्क्स मॅनेजर देवळाली कॅम्पातून लष्करातून निवृत्त होऊन आलेले, म्हणून कारखान्याची हॉकी टीम. त्यांना नाही म्हणायची कुणाची टाप नव्हती. टीमचा सेक्रेटरी मी. मला हॉकीतलं काही कळतं म्हणून नव्हे, माझं अक्षर चांगलं आहे म्हणून. आता नाशकात हॉकी बघायला येतंय कोण? आमच्या सामन्याला प्रेक्षक म्हणजे मी, चहावाला आणि दोन कुत्री. त्यातलं एक कुत्रं हाफटाइमनंतर निघून जायचं.

हा पठ्ठ्या आमचा राइट बॅक. म्हणजे गोलकीपरच्या पुढं उजव्या बाजूला उभं राहायचं आणि येणाऱ्याला अडवायचं, एवढंच काम. मखमलाबादकडचं माळ्याचं घर, फुलांची शेती. पहाटे झेंडूची पाटी फुलबाजारात उतरवायची आणि तसंच सायकलवर टांग टाकून पेंट शॉपमध्ये पहिल्या पाळीला हजर. त्यामुळं त्याच्या अंगाला रंगाचा आणि झेंडूचा असा काही वास यायचा की लांबूनच कळायचं. लहानपणी बापाबरोबर कॅम्पात भाजी द्यायला जायचा, तिथं जवानांचा खेळ बघत बसायचा. एकदा त्यांना एक माणूस कमी पडला. "इधर खडा रह," असं म्हणून त्याला उभं केलं. "तेव्हापासून उभाच हाय," असं तो सांगायचा.

दसऱ्याला कारखान्यात यंत्रांची पूजा व्हायची. हा सगळ्या स्टिका ओळीनं मांडून त्यांना हळदकुंकू लावायचा आणि प्रत्येकीला झेंडूची छोटी माळ घालायचा. गोलकीपरच्या पायातल्या जाड पॅडना सगळ्यात मोठी माळ. एकदा सामन्याच्या दिवशी गोलपोस्टलाही तोरण बांधलं, तर पंचांनी हटकलं. हा म्हणाला, "दार हाय ना ते? मग दाराला तोरण नको?" पंचांनी हसत हसत तोरण काढायला लावलं आणि घरी नेलं.

हे सगळे खेळाडू कारखान्यात तात्पुरत्या नोकरीवर. एप्रिलला ऑर्डर, मार्चअखेर ती संपली. त्यानंतर ज्याला जिथं बोलावणं येईल तिथं जायला मोकळा. त्यामुळं मार्च लागला की आमच्या मैदानाच्या कडेला अनोळखी माणसं दिसायला लागायची. दुसऱ्या संघांचे लोक, काळा चष्मा लावून, आमच्या खेळाडूंना हेरायला आलेले. लग्नाच्या पोरी बघायला यावं तसं. आमच्या सेंटर फॉरवर्डला तर दरवर्षी दोन-तीन स्थळं यायची.

त्या वर्षी फेब्रुवारीतच एक गृहस्थ आले आणि चक्क आमच्या बॅकला गाठलं. मुंबईच्या एका मोठ्या संघाला अनुभवी बॅक हवा होता. कायम नोकरी, राहायला खोली. उत्तर मार्चअखेरपर्यंत कळवायचं. आता तो एकतिसाव्या वर्षात होता, सहा वर्षं आमच्याकडं तात्पुरता. या वयात बॅकला पुन्हा कोण विचारतंय? ही संधी गेली आणि आम्हीही काढलं, तर नोकरीच संपली. आणि तीन भावांत मिळून जमीन ती केवढी.

"तुला जायचंय का?" मी विचारलं.

"नाय हो भाऊसाहेब. मळा इथं, आई इथं. मुंबईत मी काय करू? पण इथं कायम झालो तरच मुंबईला नाय म्हणायला तोंड हाय. नायतर घरचे काय म्हणतील?"

आणि नेमके त्याच वर्षी आमचे जुने मॅनेजर गेले आणि नवे आले. तरुण, हुशार, माणूस वाईट नव्हता, पण सगळं आकड्यांत मागायचा. मला बोलावून म्हणाला, "यंदा टीममधल्या दोघांनाच कायम करता येईल. कोणाची किंमत किती, ते मला कागदावर दाखवा. मत नको, आकडे हवेत."

झालं. माझ्या अंगात वारं शिरलं. रकाने आखणं हा माझा हातखंडा. मी मोठा फुलस्केप कागद घेतला, लाल-निळ्या शाईनं रेघा मारल्या. फॉरवर्डला गोल किती, हाफला पास किती, गोलकीपरनं चेंडू अडवले किती. बॅकला काय? तर समोरच्याच्या स्टिकेतून चेंडू किती वेळा हिसकावला. आमचे कोच म्हणजे देवळालीचे निवृत्त हवालदार, सगळे त्यांना उस्ताद म्हणायचे. त्यांनी कागद लांब धरून पाहिला आणि म्हणाले, "बाबूजी, लकीरें बहुत सुंदर हैं." मग कागद मला परत दिला. मला वाटलं, स्तुतीच केली.

पाच सामने मी वही घेऊन मैदानाच्या कडेला बसलो. आमचा लेफ्ट बॅक सटाण्याचा, अंगानं काटक आणि भलता जिगरबाज. लोळायचा, घसरायचा, गुडघे फोडून घ्यायचा, आणि चेंडू हिसकावून उठला की छाती काढून बघायचा. त्याच्या नावापुढं रेघा मारता मारता माझं बोट दुखलं. चाळीसच्या वर गेल्या. आणि आमच्या राइट बॅकच्या नावापुढं पाच सामन्यांत मिळून सहा. तुम्हाला सांगतो, मी डोळ्यांत तेल घालून त्याच्यावरच नजर ठेवून बसायचो. म्हणायचो, बाबा रे, आता तरी काहीतरी कर. तो आपला दोन पावलं इकडं, दोन पावलं तिकडं, आणि तोंडाची टकळी सुरू. "अण्णा, मागं ये." "तू जरा आत सरक." सटाण्याच्या लेफ्ट बॅकला मोडक्यातोडक्या अहिराणीत, "तठे नको रे भाऊ, आठे ये." एवढंच.

होळीच्या आदल्या दिवशी तो माझ्या टेबलाशी आला. हात रंगानं भरलेले, म्हणून मागं बांधून उभा राहिला.

"भाऊसाहेब, माझ्या नावापुढं काय येतंय?"

मला खोटं बोलता येईना. कागद दाखवला. त्यानं लेफ्ट बॅकच्या चाळीस रेघा पाहिल्या, स्वतःच्या सहा पाहिल्या.

"बरोबर हाय की," तो म्हणाला. "मी कुठं काय करतो?" आणि मनापासून हसला. मला इतकं वाईट वाटलं की मी त्याच्यावरच चिडलो. "अरे, मग कर ना काहीतरी. झेप घाल, लोळ, तो लोळतो तसा. तुझ्या पोटापाण्याचा प्रश्न आहे आणि तू हसतोयस काय?"

"लोळलो की उठायला वेळ लागतो," तो म्हणाला. "आन् शेतात पाणी धरलंय का तुम्ही कधी? पाण्याला आडवं गेलं की बांध फुटतो. त्याला वाट द्यायची. फक्त आपल्याला पाहिजे तिकडची."

मला वाटलं, हा आता तत्त्वज्ञान सांगून वेळ मारून नेतोय. पालथ्या घड्यावर पाणी ते, माझ्या डोक्यात काही शिरलं नाही.

पाडव्याच्या आदल्या दिवशी आमचा सामना होता, आणि तो सुट्टीवर. पाडव्याला झेंडूला मागणी असते. माळ्याच्या घरातलं कुणी त्या दिवशी वाफ्यातून हलत नाही, मग सामना असो नाहीतर लग्न असो. त्याच्या जागी एक राखीव बॅक उभा केला. मी वही उघडून बसलो.

त्या दिवशी लेफ्ट बॅकनं कमाल केली. एका सामन्यात सतरा वेळा चेंडू हिसकावला. माझ्या कागदाप्रमाणं तो त्याचा आयुष्यातला सर्वोत्तम सामना. आणि आम्ही सहा गोलांनी हरलो.

सामना संपल्यावर आमचा गोलकीपर माझ्याजवळ येऊन धपकन बसला. एरवी तो सामन्यात जांभया द्यायचा, एकदा तर उभ्या उभ्या शेंगा सोलताना मी त्याला पाहिलं होतं. त्या दिवशी त्याचे पॅड धुळीनं माखलेले, बोटं सुजलेली. "भाऊसाहेब," तो धापा टाकत म्हणाला, "एवढे चेंडू येतात कुठनं? इतकी वर्षं मी खेळतोय, हे कधी आलेच नव्हते."

अतिशहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात ना, तो बैल मी. लेफ्ट बॅकला सतरा वेळा हिसकावावं लागलं, कारण त्या दिवशी सतरा वेळा चेंडू तिथवर पोचला. आमचा बॅक असला की तो जेमतेम निम्म्या वेळा पोचायचा. समोरच्याला वाटायचं, इकडून मोकळी वाट आहे, आणि त्या वाटेनं तो थेट मैदानाबाहेर जायचा. मी रेघा मारत होतो घडलेल्या गोष्टींच्या, आणि हा माणूस पगार घेत होता न घडलेल्या गोष्टींचा.

पाडव्याच्या दिवशी श्रीखंड बाजूला ठेवून मी नवा कागद आखला. बायको म्हणाली, "सणाच्या दिवशी तरी." रकाना एकच: गोलकीपरला किती चेंडू अडवावे लागले. मागच्या सामन्यांची वहीतली सगळी टिपणं चाळली. तो असताना एका सामन्यात दोन, तीन, फार तर चार. तो नसताना एकोणीस.

मॅनेजरसाहेबांनी कागद दोनदा वाचला. "म्हणजे हा माणूस नक्की करतो काय?"

"साहेब, तो असला की काही होत नाही."

त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की मला वाटलं, आता माझीच नोकरी जाते. पण पुढच्या रविवारी ते स्वतः सामन्याला आले. उस्ताद आणि मी त्यांच्या दोन्ही बाजूंना बसलो. पहिला अर्धा तास गेला. साहेबांनी घड्याळ पाहिलं, रुमाल काढून मानेवरचा घाम पुसला, एक चहा झाला, दुसरा झाला. शेवटी कंटाळून म्हणाले, "काहीच होत नाहीये की इकडच्या बाजूला."

"साहब," उस्ताद म्हणाले, "यही तो उसकी तनख्वाह है."

 मग साहेबांनी खुर्ची वळवून घेतली आणि उरलेला वेळ चेंडू सोडून त्याच्याकडंच बघत बसले. मधेच स्वतःशी हसलेही. दुसऱ्या दिवशी दोन नावांवर सह्या झाल्या: सेंटर फॉरवर्ड आणि आमचा राइट बॅक. कायम. ते पत्र मी स्वतः टाइप केलं आणि पेंट शॉपमध्ये नेऊन दिलं. हात रंगलेले म्हणून त्यानं ते माझ्याकडूनच वाचून घेतलं, दोनदा. दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर एवढी फुलं, की फाइल ठेवायला जागा नाही.

पुढं तो आणखी सात-आठ वर्षं खेळला, मग उस्तादांच्या हाताखाली नव्या खेळाडूंना उभं राहायला शिकवायला लागला. दोन हजार सालानंतर कारखान्याचे दिवस फिरले. टीम मोडली, लोकांना स्वेच्छानिवृत्ती दिली, त्यात त्यानंही घेतली. शेवटच्या दिवशी कँटीनमध्ये आम्ही दोघंच चहा पीत बसलो होतो. मी जरा ऐटीतच म्हटलं, "आठवतं ना? त्या वर्षी माझा दुसरा कागद वेळेवर गेला म्हणून निभावलं. नाहीतर तुला मुंबईला जावं लागलं असतं."

"मुंबईला तर मी होळीलाच नाय म्हणून कळवलं होतं," तो म्हणाला.

माझा कप हातातच राहिला. होळीला म्हणजे माझा पहिला कागद बघितल्यावर. सहा रेघांचा. त्या घडीला त्याची इथली नोकरी जाणार हे जवळपास ठरलेलं होतं.

"अरे, वेडा का तू? मी तुझ्याबद्दल ते तसं लिहिलेलं बघून तू हातातली कायम नोकरी सोडलीस?"

"लिहिलं होतं ते चूकच होतं तुमचं," तो म्हणाला. "पण सहा रेघा मारायला तुम्ही पाच सामने माझ्याकडं बघत बसला होता. मी उभा राहून रोज बघत होतो ना तुम्हाला. सगळ्यांची मान चेंडूकडं, आन् तुमची एकट्याची माझ्याकडं. लहानपणापासून खेळतोय मी, भाऊसाहेब. बॅककडं कोण बघतंय? म्हटलं, हा माणूस असाच बघत राहिला तर त्याला दिसंल. मुंबईत कुणी बघितलं असतं का?"

 इतकी वर्षं मी चारचौघांत सांगत आलो होतो की त्याची नोकरी मी वाचवली. घरादाराची भाकर त्यानं माझ्या नजरेच्या भरवशावर पणाला लावली होती, आणि त्या वेळी त्या नजरेला धड काही दिसतही नव्हतं. मी त्याचा हात हातात घेतला. माझे डोळे भरून आले ते त्यानं पाहिलं आणि उगाच चहावाल्याला आणखी दोन कप सांगितले.

तो वारला त्याला आता चार वर्षं झाली. मी निवृत्त होऊन इंदिरानगरला राहतो. नोकरीत शेकडो माणसांचे कागद भरले, कुणाला बढती मिळाली, कुणाची गेली. त्यांच्यापैकी कुणाकडं मी खरंच बघितलं होतं, ते मला आज सांगता येत नाही. त्याच्याकडं बघितलं होतं. तेवढं मात्र त्यानं मला स्वतः सांगून ठेवलं आहे.