छोट्या गाडीचे मोठे ब्रेक

माझी सगळी नोकरी एका कारखान्याच्या खरेदी विभागात गेली. तिथे तीन कोटेशनं मागवल्याशिवाय टाचणीसुद्धा घेता येत नसे. ही सवय अंगात इतकी मुरली की अजूनही मी मंडईत कांद्याचा भाव तीन ठिकाणी विचारतो आणि शेवटी पहिल्याकडेच परत येतो. तोवर त्याच्याकडचे चांगले कांदे संपलेले असतात. एवढा अनुभव गाठीशी असलेल्या माणसाने गाडीला ब्रेक पॅड निवडायचे, तर त्यात चूक होईलच कशी, असं मला प्रामाणिकपणे वाटत होतं.

गाडी बायकोची. हे आधीच सांगून टाकतो, कारण चारचौघांत मी तिला ‘माझी गाडी’ म्हणतो. बायकोला वाघोलीच्या कॉलेजात नोकरी लागली तेव्हा तिच्या वडिलांनी ही चौकोनी तोंडाची लाल, छोटी गाडी तिला घेऊन दिली होती. आठवडाभर ती चालवायची. सुट्टीच्या दिवशी मी चालवायचो आणि ती डावीकडे बसायची. पुढे घरात मोठी गाडी आली आणि लाल गाडी पार्किंगच्या कोपऱ्यात कव्हरखाली गेली. निवृत्त झाल्यावर करायला काही उरलं नाही म्हणून मी ते कव्हर काढलं. इंजिन उघडून घेतलं, मोठा कार्ब्युरेटर बसवला, सायलेन्सर बदलला. गाडी अशी काही सुटायला लागली की सिग्नलला रिक्षावाले मान वळवून बघायचे. कौतुकानेच बघत असणार, असं मी धरून चाललो.

आतलंही बरंच नवीन केलं. तेव्हा एक कोडं पडलं. चालकाच्या पायाखालची मॅट झिजणार, हे समजण्यासारखं होतं. पण डावीकडच्या मॅटलाही पुढच्या बाजूला चांगलं मोठं भोक पडलेलं होतं, आणि तिकडे तर एकही पेडल नसतं. मी बराच विचार करून निष्कर्ष काढला की हे उंदराचं काम.

“उंदीरच असेल,” बायको म्हणाली.

ती माझ्याशी इतक्या पटकन कधी सहमत होत नाही, हे तेव्हाच लक्षात यायला हवं होतं. नवी मॅट मात्र तिने घेऊ दिली नाही. “राहू द्या ती. सवयीची आहे.”

यंदा तिच्या निवृत्तीची पाळी आली. “शेवटच्या दिवशी मी माझ्या गाडीने जाणार,” तिने जाहीर केलं. “मीच चालवणार. पहिल्या दिवशी बाबा शेजारी बसले होते. निरोपसमारंभाला तुम्ही येणार असाल तर शेजारी बसा.” आमच्या संसारात तिने माझ्याकडे फार कमी गोष्टी मागितल्या. बहुतेक तिच्या तिनेच करून टाकल्या. त्यामुळे ही एक मागणी मी भलतीच मनावर घेतली. गाडी पळती केली होती, आता ती थांबती करायची होती.

कोटेशनं आली. पहिलं कोपऱ्यावरच्या स्पेअर पार्टवाल्याचं, साधे पॅड, इतकी वर्षं हिला बसत आलेले. दुसरं त्याहून जरा बऱ्या पॅडचं. तिसरं थेट शर्यतीच्या गाड्यांच्या पॅडचं, परदेशी, लाल खोक्यातलं. जुन्या गाड्यांच्या शौकिनांचा फोनवर एक ग्रुप आहे, तिथे कुणीतरी विचारलं, “गाडी कुठे चालवता?” मी तत्काळ लिहिलं, “घाटात.” खरं म्हणजे कात्रजचा घाट मी वर्षातून एखाद-दोनदा चढतो. बाकी आयुष्य सातारा रस्त्यावर दुसऱ्या गिअरमध्ये चाललंय. पण ‘घाटात’ लिहिल्यावर लाल खोक्याला पर्यायच उरला नाही. ब्रेक ऑइलचं तर आणखी सोपं होतं. डब्यांवर तीन, चार आणि पाच असे नंबर असतात. तीनपेक्षा चार मोठा, चारपेक्षा पाच मोठा, एवढं गणित मला येतं. पाच नंबर घेतलं.

गॅरेजवाला माझ्याहून उत्साही. “एक नंबर, साहेब! असं आपण कधी बसवलंच नाही,” तो म्हणाला. मी याला स्तुती समजलो.

शर्यतीचे पॅड तापल्याशिवाय धरत नाहीत, ही गोष्ट मला आमच्या सोसायटीच्या वॉचमनने शिकवली, तीही नकळत. सकाळी गाडी उतारावरून गेटकडे निघाली, मी ब्रेक दाबला आणि गाडी अगदी शांतपणे पुढे जात राहिली. वॉचमन उठून बाजूला झाला. त्याच्या प्लास्टिकच्या खुर्चीचा एक पाय गेला. त्यानंतर मी गाडी काढली की तो उभा राहायचा, आणि नवख्यांना वाटायचं, काय मान आहे साहेबांना! पॅड तापवायचे तर आधी घाट उतरून यावं लागणार, मग कात्रजला दूध आणायला जाता येणार. त्यात पाच नंबरचं ऑइल वेगळ्याच जातीचं निघालं. जुन्या ऑइलमध्ये ते मिसळत नाही. डब्यावर तसं बारीक अक्षरांत लिहिलं होतं, मी फक्त आकडा वाचला होता. पेडल आधी ओल्या स्पंजासारखं आत जायचं, आणि नंतर जीव खाऊन रेटलं तरी गाडी विचार करत बसायची.

बायकोने सोसायटीत एक चक्कर मारून पाहिली. तिचा उजवा गुडघा दुखरा. वर आली, किल्ली खिळ्याला अडकवली आणि म्हणाली, “राहू द्या. मी रिक्षाने जाईन.”

ती चिडली असती तर बरं झालं असतं. मला फार वाईट वाटलं. तिच्या वडिलांनी दिलेली गाडी मी इतकी सुधारली होती की आता ती तिलाच चालवता येत नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी मुकाट्याने कोपऱ्यावरच्या दुकानात गेलो. पहिलंच कोटेशन. या वेळी चांगले कांदे संपलेले नव्हते, एवढंच नशीब. सगळं ऑइल काढून टाकलं, आतली रबरं बदलली, चार नंबरचा सीलबंद डबा आणला. गॅलरीत गेल्या वर्षीपासून उघडा पडलेला एक डबा होता, तो टाकून दिला. हे ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं म्हणे, आणि आमच्या गॅलरीने पूर्ण पावसाळा पाहिला होता. नवं ऑइल ओतताना थोडं बॉनेटवर सांडलं आणि वाटीएवढा रंग खाऊन गेलं.

“छान,” बायको म्हणाली. “आता पार्किंगमध्ये लगेच ओळखू येईल.” मग आत बसून तिने पेडल दाबून पाहिलं. “चालेल.”

याहून मोठी दाद मला या घरात मिळालेली नाही.

तो दिवस उजाडला. ती ठेवणीतली साडी नेसून उजवीकडे बसली, मी नवा शर्ट घालून डावीकडे. नगर रस्त्याला लागल्यावर टेम्पो, बस, दुचाक्या सगळीकडून अंगावर यायला लागल्या.

“अगं, टँकर!”

“दिसतोय.”

ती लांबूनच पाय उचलायची आणि गाडी आपली आपण मंदावत जागेवर यायची. ब्रेकला ती जेमतेम पाय लावत होती. माझे महिनोन्महिने या पॅडच्या अभ्यासात गेले होते. मग खराडीजवळ सिग्नलला तो टँकर अचानक जागीच थांबला. तिने ब्रेक दाबला. गाडी सरळ रेषेत, आवाज न करता, टँकरच्या अलीकडे उभी राहिली.

“चांगले आहेत हो ब्रेक,” ती म्हणाली. मग तिने माझ्या पायांकडे पाहिलं. “पण तिकडे नाहीयेत.”

मी खाली पाहिलं. माझा उजवा बूट मॅटच्या त्या भोकात होता, खालच्या पत्र्यावर गच्च रोवलेला. भोक अगदी मापाचं होतं. इतक्या सुट्ट्यांना ती इथे बसून घाबरत होती आणि मला वाटायचं, ती बाहेरची झाडं बघतेय.

“उंदीर म्हणालीस तू,” मी म्हटलं.

“तुम्ही म्हणालात. मी फक्त ‘असेल’ म्हटलं.”

सिग्नल सुटला. मी पाय उचलून मागे घेतला. पुढच्या चौकात तो पुन्हा तिथेच होता.