फ्लॅशचे सेल घेऊन कलकत्त्याला

माझी मामेबहीण मीरा कलकत्त्यातच जन्मली, तिथेच शुभेंदु नावाच्या मुलाच्या प्रेमात पडली. लग्न ठरलं आणि तिने मला नागपूरला कळवलं, "फोटो तूच काढायचेस. बाबांनी होकार दिलाय, पण शुभेंदुशी एक शब्द बोलत नाहीत ग."

सत्तरच्या दशकातली गोष्ट. माझ्या यजमानांनी, वसंतरावांनी, नुकताच फ्लॅश घेतला होता, पुन्हा पुन्हा चार्ज होणाऱ्या सेलवर चालणारा. त्याचं कौतुक इतकं, की जादा सेल मी पर्समध्येच ठेवले. किल्ल्यांच्या जुडग्यासोबत!

गाडीत टाटानगर स्टेशनवर पुरी-भाजी खाल्ली. (द्रोणातली भाजी तिखट असते, पाणी जवळ ठेवा.) पुढे मांडीवरची पर्स चटके देऊ लागली. वसंतरावांनी ती खाली उपडी केली. एक किल्ली सेलच्या दोन्ही टोकांना टेकून बसली होती, अस्तर करपलं होतं.

"हात लावू नकोस, निवू दे," ते म्हणाले. शेजारी एक तान्हं बाळ झोपलेलं होतं.

हावड्याहून टॅक्सीने खिदिरपूरला मामांचं घर गाठलं. मामा गोदीत कस्टमला होते. दुसऱ्या दिवशी सकाळी कचोरी आणि बटाट्याचा रस्सा चालू असताना शुभेंदु नव्या गुळाची संदेश मिठाई घेऊन आला. मामांनी वर्तमानपत्र उंच धरलं.

तेवढ्यात मामी तो बिघडलेला सेल कोळशाच्या शेगडीत टाकायला निघाल्या.

"काकीमा, ना ना! आगीत नाही, फुटेल!" शुभेंदु ओरडलाच. तो कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायचा. मोडक्यातोडक्या मराठीत त्याने समजावलं: गळलेला सेल उघड्या हाताने धरायचा नाही, परत चार्ज करायचा नाही. चांगले सेल कोरड्या प्लॅस्टिकच्या डबीत, टोकं एकमेकांना लागणार नाहीत असे. ऊन आणि शेगडीपासून लांब. चार्ज झाले की काढून घ्यायचे. फ्लॅश वापरात नसेल तर त्यातूनही काढायचे. मीराने नवी साबणाची डबी आणली, त्याने एकेक सेल कागदात गुंडाळून आत ठेवला.

वर्तमानपत्र खाली आलं. "बाकीगुलो ठीक आछे तो?" मामांनी विचारलं. बाकीचे ठीक आहेत ना?

"हॅं, काकाबाबू. ठीक आहेत."

मीराचा चहा ओतणारा हात तसाच थांबला.

नंतर मात्र पंचाईत झाली. वीज सारखी जायची, त्यामुळे सेल पुरते चार्ज होईनात. सेलमध्ये जेवढी वीज होती ती फ्लॅश बंद ठेवून जपली. ट्राममधून मैदान पाहिलं, फोर्ट विल्यमच्या बाजूला मुरमुऱ्यांची तिखट झालमुडी खाल्ली, ते फोटो दिवसाच्या उजेडात. थंडीत जाणार असाल तर ट्रामची पुढची खिडकी पकडा, सकाळचं धुकं फार गोड दिसतं.

लग्न डमडमजवळच्या एका हॉलमध्ये. संध्याकाळी मंगलाष्टकं संपता संपता दिवे गेले. अंधारात हशा, शंख, बंगाली बायकांची जीभ हलवत केलेली उलूध्वनी. "ताई, काढ ना!" मीरा ओरडली. फ्लॅश चालू करताच त्याची बारीक शीळ ऐकू आली, लाल दिवा लागला. मी आवाजाच्या दिशेने अंदाजाने बटण दाबलं. पांढऱ्या झोतापलीकडे काहीच दिसलं नाही. त्यानंतर सेल संपले ते संपलेच.

नागपूरला परतल्यावर रोल धुऊन आणला. तो फोटो जरा तिरका आलाय. नवरदेवाचा पांढरा मुकुट घसरलेला, मीरा डोळे मिटून हसतेय. आणि त्या काळोखात आपल्याला कोण बघतंय, असं समजून मामा एका हाताने तो मुकुट सरळ करताहेत, दुसरा हात जावयाच्या गालावर.