शमीमआपांचं देणं

शमीमआपांचे अब्बा गेले, त्याच्या पुढच्या रविवारी सकाळीच त्यांनी माझं दार वाजवलं. डोक्यावर पदर, डोळे कोरडे. "बाई, तुमच्या गाडीवर नेता का मला? अब्बांकडं लोकांचं येणं हाय. सांगून यायचंय."

इंदापुरात मी शिक्षिका म्हणून नवीन होते, एकटीच राहत होते. शेजारच्या खोलीत आपा आणि त्यांचे वडील. अब्बा भिगवणहून मासे आणून लूनावरून गावोगाव विकायचे. आपा शिवणकाम करायच्या. चाळिशी उलटलेली, लग्न झालेलं नव्हतं. बोलणं मोजकं, पण चूक झाली की स्वतःहून कबूल. "बाई, बाही आखूड झाली माझ्याकडनं. सांगितलेलं बरं."

"फोन करा की," मी म्हटलं.

"मातीच्या येळंला मौलानांनी इचारलं, कुणाचं काय येणं असंल तर सांगा. पन लांबच्यांना कसं कळणार? आन् असलं फोनवर सांगत न्हाईत. तोंड दाखवावं लागतं."

भिगवणचा मासळीचा व्यापारी तराजूवरची नजर न काढता म्हणाला, "जमंल तसं ऑनलाइन टाका." भवानीनगरच्या गॅरेजवाल्याने हात जोडले, "राहू द्या, सोडलं मी."

"सोडू नका. मी देनार हाय," आपा म्हणाल्या.

दोघंही भली माणसं. पण गाडीवर बसल्यावर आपा मागून हळूच म्हणाल्या, "अब्बांचं कुणी इचारलंच न्हाय, बाई."

शेवटी कळंबला गेलो. तिथले तात्या शेताकडेच्या घरात एकटे राहायचे, मुलं पुण्याला. गळ्यात तुळशीची माळ. मासे खाणं तर सोडाच, शिवतही नसतील. मासे विकून झाले की अब्बा हातपाय धुऊन त्यांच्या ओट्यावर तासभर टेकायचे. लूनाचं इंजिन बसलं तेव्हा पैसे तात्यांनीच दिले होते.

आपांनी सगळं सांगितलं. तात्या म्हणाले, "शेवटाला जेवत व्हता का गं?"

"न्हाय, तात्या. पानीसुदिक चमच्यानं."

आणि आपा ओट्यावरच बसल्या, पदरात तोंड घालून रडल्या. अब्बा गेल्यापासून त्यांना रडताना मी पहिल्यांदा पाहिलं. मग दवाखाना, खोकला, शेवटची रात्र, सगळं बोलत राहिल्या. तात्यांनी मध्ये एकदाही अडवलं नाही. निघताना एवढंच म्हणाले, "पैसं सावकाश दे. पन फोनवरनं नको. हितं आणून दे."

त्यानंतर आपा दर महिन्याला एसटीने कळंबला जायच्या. परत आल्या की त्या दिवशी त्यांच्या मशीनचा आवाज उशिरापर्यंत यायचा. देणं फिटल्याचं त्यांनी मला सांगितलं, त्याच्या पुढच्या महिन्यातही त्या गेल्या.

माझी बदली बारामतीला झाली. गेल्या हिवाळ्यात त्यांचा फोन आला. "बाई, तात्या गेले."

त्या कळंबला जाऊन आल्या होत्या. अंगण माणसांनी भरलेलं, ओळखीचं कुणी नाही. तात्यांच्या थोरल्या मुलाने विचारलं, "आपण कोण?"

"काय सांगितलंत?" मी म्हटलं.

"म्हटलं, आमी त्यांचं देणं लागतो."

"पण ते तर कधीच फिटलं ना, आपा?"

"व्हय," त्या म्हणाल्या. "पन मग दुसरं काय सांगू, बाई?"