कवितेतली वागिराह

लेखक मंडळी इंडोनेशियातल्या, मध्य जावातल्या त्या खेड्यात पहिल्यांदा आली, तेव्हा वागिराहची अंडी देणारी कोंबडी कापली गेली. जनतेत उतरायचं, तिच्यासोबत खायचं, राबायचं, झोपायचं, असा त्यांच्या चळवळीचा नेम होता. कवी विर्यान्तो वागिराहच्या घरी उतरले. खाणं आणि झोपणं त्यांनी अगदी मन लावून केलं. राबायला म्हणून चिखलात गेले आणि दुपारच्या आत कंबर धरून बाजेवर आडवे झाले. वागिराहने त्यांना तेल चोळून दिलं, पोरांच्या वाटणीचं तेंपे, सोयाबीनच्या वड्या, तेही त्यांनाच वाढलं.

जाताना त्यांनी कविता लिहिली. तीत वागिराह विळा उगारून जमीनदारावर चालून जाते. खरी वागिराह विळ्याने शेळीला गवत कापायची आणि जमीनदार समोरून आला की बांधावर उकिडवी बसून मान खाली घालायची. पण शहरात कविता गाजली. मासिकात छापूनही आली, नावागावासकट.

पुढच्या वर्षी वारं फिरलं; सत्ता सैन्याकडे गेली आणि चळवळीशी नाव जोडलेल्यांची धरपकड सुरू झाली. कवी तेव्हा परदेशात कुठल्याशा संमेलनाला गेले होते, ते तिकडेच राहिले. सैनिक मात्र मासिक घेऊन दारात आले. वागिराह बाळंतपणाला माहेरी होती, म्हणून त्यांनी तिच्या नवऱ्याला, पाइमिनला नेलं. तो परत आला नाही.

पस्तीसेक वर्षांनी राजवट बदलली आणि विर्यान्तो परतले, पुन्हा वागिराहच्या घरी आले. मागे शिकलेली पोरंपोरी, हातात कॅमेरे. चळवळीचा वारसा म्हणे जपायचा होता. कवितासंग्रह नव्याने निघणार होता, त्याची कच्ची प्रत कवींच्या मांडीवर होती.

"बू, तुम्ही अमर झालात," ते गहिवरून म्हणाले. तिकडे बाईमाणसाला बू म्हणजे आई म्हणतात आणि बाप्याला मास म्हणजे दादा.

"मी झाले. पाइमिन मेला," वागिराह म्हणाली. "मास, माझं नाव काढा त्यातनं. नातीचं लग्न ठरलंय. नवरामुलगा सैन्यात आहे. मुलीचं घराणं तपासल्याशिवाय वरचे साहेब परवानगी देत नाहीत."

"अहो, आता काळ बदलला!"

"तुमचा बदलला असेल. तपासणारे तेच आहेत."

"पण ते नाव म्हणजेच कविता आहे, बू. दुसरं कुठलं घालू?"

"तुमच्या आईचं घाला."

"माझ्या आईला यात कशाला ओढता?" विर्यान्तो ताडकन म्हणाले.

कॅमेरावाल्या पोरीने मान खाली घातली. चहा घेऊन आलेली नात, निंग्सी, फिसकन हसली.

आपण काय बोललो ते कवींना कळायला वेळ लागला. शब्दांवर पोट भरणाऱ्याला तो जरा जास्तच लागला. मग त्यांनी खिशातून पेन काढलं, कवितेतल्या नावावर रेघ मारली आणि मोठा त्याग केल्यासारखा चेहरा करून प्रत मिटली.

वागिराहला वाचता येत नव्हतं. तिने प्रत त्यांच्या हातातून घेऊन नातीपुढे धरली. "बघ गं, नीट बघ."

निंग्सीने पान न पान चाळलं. "आजी, अर्पणपत्रिकेत आहे अजून. आणि मागच्या पानावर, गावासकट."

वागिराहने चहाचा पेला कवींच्या पुढ्यातून बाजूला सरकवला.

"आधी तेवढं खोडा, मास."