सिनेमा आमच्या घरी, मी भिंतीपलीकडे

मंडळी, रियाधमध्ये सिनेमागृह नाही, हे आपण कधीच पचवलं आहे. पण आज माझ्याच घरात सिनेमा लागला आणि तोही मला दिसला नाही.

जुना युरोपियन, गाण्यांचा, विनोदी. एका कल्पित राज्यात राजाला जे सांगायचं ते गाऊनच सांगायचं, असा कायदा. एका मित्राने डिस्क फक्त आजच्यापुरती दिली होती. संध्याकाळी तो ती घेऊन मुंबईला निघाला.

म्हणून दुपारी जेवायला आलेल्या रत्नागिरीच्या दाऊदभाईंना मी सहकुटुंब थांबवून घेतलं. बायका एका खोलीत, पुरुष दुसरीत, ही त्यांची रीत मला ठाऊक होती. आमचा एकुलता टीव्ही बायकांच्या खोलीत आहे, एवढंच विसरलो.

पलीकडे हशा, इकडे आम्ही दोघं खजूर खातोय.

"काय झालं गं?" मी दाराआडून विचारलं.

"राजा रुसला," सौ. म्हणाली. "मध्ये बोलू नका हो."

"गाणी ऐका की, जोशीबुवा," दाऊदभाई म्हणाले. "भाषा तशीही कळणार नव्हती."

दृश्यकाव्य आणि श्रव्यकाव्य हे भेद मी संस्कृतात शिकलो होतो. पहिल्याचं दुसरं कसं होतं, ते आज कळलं.

शेवट विचारला, तर सौ. म्हणते राजाने स्वतः गादी सोडली. भाभी म्हणतात, राणीने हाकललं. एकमत एवढ्यावरच, की "तुम्ही बघायला हवा होतात."

कोणी पाहिला असेल तर खरं काय ते सांगा. उत्तर सौ.च्या बाजूचं असेल तर मात्र मला एकट्याला कळवा; ती हा ग्रुप वाचते.