अक्कांचे हुंकार

गोष्ट सुरू करायच्या आधी आबा विचारायचे, "हुंकारा कोन देई?" आमच्याकडे खानदेशात तसा रिवाजच आहे. सांगणाऱ्यानं एक वाक्य बोलायचं, ऐकणाऱ्यांतल्या एकानं 'हं' म्हणायचं, मगच पुढचं वाक्य. आबांना हुंकारा द्यायच्या त्या अक्का, त्यांची बायको. लग्न झाल्यापासून त्याच त्या गोष्टी ऐकत आलेल्या, तरी राक्षस दारात आला की "वो माय!" म्हणून पदर तोंडाला लावायच्या. एका लग्नाचं शूटिंग करायला मी त्यांच्या गावी, धुळ्याकडे गेले होते, तेव्हा मांडवात दोघांना पहिल्यांदा ऐकलं.

जळगावात आमचा फोटो स्टुडिओ. वडील कॅमेरा धरायचे, मी आत कॉम्प्युटरवर मिक्सिंगला बसायची. वडील गेले, आणि मग लग्नाचं कामही गेलं. आता नवरदेवाचा चुलतभाऊच मोबाईलवर सगळं शूट करतो, वर गाणं चढवतो आणि जेवणावळ उठायच्या आत गावभर पाठवूनही देतो. आमच्याकडे लोक यायचे ते पासपोर्ट फोटोपुरते, लग्नाचं बोलावणं वर्षातून एखादंच. माझा नुसता जळफळाट व्हायचा, पण रागावणार कोणावर? त्या मांडवात मात्र मी पाहिलं, आबा बोलायला लागले तशी पोरांनी मोबाईल खिशात घातले. तिथल्या तिथं ठरवलं, आबांच्या गोष्टींचं चॅनल काढायचं.

पहिल्या रेकॉर्डिंगला मी फारच शहाणपणा केला. अक्कांना म्हटलं, तुम्ही जरा गप्प बसा, माईकमध्ये आवाज येतो. अक्का बिचाऱ्या ओठ घट्ट मिटून बसल्या. आबा दोन वाक्यं बोलले आणि अडले. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा अडले. तिसऱ्यांदा माझ्यावरच खेकसले, "गोट काय भितले सांगू?" भिंतीला गोष्ट सांगता येत नाही, खरंच होतं ते. मी हात जोडले आणि म्हटलं, "बरं बाबा, बोलू द्या अक्कांना." मनात म्हटलं, त्यांचं मी नंतर काढून टाकीन.

आणि काढूनच टाकलं. दर वेळी, प्रत्येक गोष्टीतून. अक्कांचा हं, त्यांचं "मंग?", कोणी मेलं की जिभेनं केलेलं च्यक्, एकेक शोधून कापायची. हुंकाऱ्यासाठी आबा जिथं थांबायचे ती मोकळी जागाही काढायची, कारण मोकळी जागा आली की लोक पुढे सरकतात. अर्ध्या तासाची गोष्ट बारा मिनिटांत बसायची. मला माझ्या हाताचा काय अभिमान होता! लोक लिहायचे, आजोबा किती भरभर सांगतात, श्वाससुद्धा घेत नाहीत. डिस्क भरली की कच्चं शूटिंग पुसून टाकायची. धंद्याची सवय, लग्नाचं कच्चं शूटिंग कोण जपून ठेवतं? अक्कांनी एकदा विचारलं होतं, "मी दिसस का वं त्यामा?" मी हसून म्हटलं, "तुम्ही कॅमेऱ्याच्या मागे बसता अक्का, कशा दिसणार?" त्याही हसल्या.

होळीनंतर अक्का गेल्या. ताप काय आला, धुळ्याच्या दवाखान्यात नेलं काय, चार दिवसांत सगळं संपलं. तेरावं झाल्यावर मी भेटायला गेले. जाताना त्या मांडवातल्या शूटिंगमधला अक्कांचा फोटो मोठा करून, फ्रेम करून नेला. आबांनी तो बघितला, पुसला, मांडीवर ठेवला. म्हणाले, "फोटो चांगला शे. माले तिना आवाज आयकना शे."

त्यांना अक्कांचा आवाज ऐकायचा होता. आबांकडे साधा बटणाचा फोन, आपली एकही गोष्ट त्यांनी कधी मोबाईलवर ऐकलेली नव्हती. त्यांना वाटत होतं, आपण दोघं मिळून बोललो ते सगळं त्यात आहे. "इतल्या गोटी करात," ते म्हणाले, "एखादी लाव." मी लावली. आबा मोबाईल कानाशी धरून बसले. एक वाक्य, दुसरं, तिसरं. त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "मी इतली घाई कधी करस?" म्हणाले. मग अगदी हळू, "ती कोठे शे?"

मी खरं ते सांगितलं. कापलं म्हटलं. कच्चं पण पुसलं म्हटलं. रडायलाच लागले मी. मला वाटलं हा माणूस आता मला उंबऱ्याबाहेर काढील, आणि काढलं असतं तर बरंच झालं असतं. मोबाईल आबांच्या कानाशी चालूच होता, त्यांचाच आवाज गोष्ट पुढे नेत होता. ऐकता ऐकता ते म्हणाले, "हं."

अक्का द्यायच्या तस्साच. पण आवाज थांबायला तयार नव्हता. आबांचा हं पुढच्या वाक्यावर पडायचा, त्याच्या पुढचा आणखी मागे राहायचा. त्यांना स्वतःलाच गाठता येईना. ओठ नुसते हलायला लागले. "थांबाड ना याले," ते म्हणाले, "थांबाड जरा."

मी मोबाईल त्यांच्या हातातून घेतला. एक वाक्य झालं की अंगठ्यानं बंद करायची. आबा हं म्हणायचे. मग पुन्हा चालू करायची. राक्षस दारात आला तेव्हा मी बंद करून वाट पाहत बसले. आबांनी धोतराचं टोक तोंडाला लावलं, पण अक्कांचं "वो माय!" काही बाहेर पडेना. माझा अंगठा तिथंच, थांबवलेल्या गोष्टीवर राहिला.