हुसेनबीचं सुकाणू

धरणाच्या पाण्यात सरदारची नाव अकरा वर्षं फिरत होती आणि अकरा वर्षं सुकाणूवर त्याची थोरली बहीण हुसेनबी बसत होती. तुळजापूरहून परतणारे यात्रेकरू काठावर थांबायचे. सरदार पुढं उभा राहून पक्षी दाखवायचा, लोकांना हसवायचा. ती मागं, सुकाणूचा दांडा काखेत दाबून, बुडालेल्या बाभळींमधून वाट काढायची.

"आपा हायत म्हणून माझं चाललंय," असं तो प्रत्येक फेरीत सांगायचा. तिला ते ऐकायला आवडायचं.

यंदा तिचा खांदा आखडला. दांडा धरवेना, तेव्हा तिनंच उपाय काढला. दांड्याच्या एका बाजूला स्कूटरच्या जुन्या ट्यूबची पट्टी, दुसऱ्या बाजूला दोरी. दोन्ही नावेच्या कडेच्या खुंट्यांना ताणून बांधलेल्या. रबर ओढायचं, दोरी अडवायची आणि नाव सरळ जायची.

"ड्रायव्हर झोपला का काय?" एका प्रवाशानं विचारलं.

"झोपला न्हाय, चहा पितोय," म्हणत तिनं खरंच कप उचलला.

इलाजासाठी आठ दिवस उमरग्याला जायचं होतं, म्हणून तिनं सरदारला सगळं शिकवलं. दुपारी वारं फिरलं की रबर पल्याडच्या खुंटीला लावायचं, हे सांगायच्या आतच तो "कळलं, आपा" म्हणत उठला.

ती परतली तेव्हा सुकाणूजवळच्या तिच्या फळीवर एक म्हातारी आणि आणखी एक प्रवासी बसले होते. सरदार त्यांना सांगत होता, "ही करामत म्या काढली."

तिला पाहून तो जरा थांबला. "तुम्ही आता आराम करा, आपा. नाव आपोआप चालतीय."

"आपोआप?"

"मंग? लई अवघड हाय का त्यात?"

नाव निघाली. ती काठावरच राहिली.

परतीच्या वाटेवर वारं फिरलं. नाव हळूहळू बाभळींकडं झुकू लागली. सरदार घाईनं दोरीच आवळत होता. नाव फांद्यांत अडकली तर उद्या तो आपल्याला बोलवायला येईल, हे हुसेनबीला कळत होतं. ती गप्प राहिली. मग फळीवरच्या म्हातारीनं दोन्ही हातांनी कड घट्ट धरली.

"सरदार! रबर पल्याडच्या खुंटीला लाव!" हुसेनबी काठावरून ओरडली.

त्यानं लावलं. नाव सरळ झाली. काठाला लागल्यावर लोकांनी सरदारसाठी टाळ्या वाजवल्या. त्यानं हसून सलाम केला.